पुत्रशोकानंतरचा तत्त्वज्ञ : आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड



आपल्या धर्मप्रांतातील बीड जिल्ह्यात सेवाकार्य करणाऱ्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. पाऊस दगा देतो, कर्ज फिटत नाही आणि एके दिवशी घरातील कर्ता पुरुष स्वतःचे जीवन संपवितो. सांत्वनाला जमलेल्यांपैकी वडीलधारी माणसे देवाची मर्जी म्हणून मान खाली घालतात. त्याच घरातील शिकलेला मुलगा मात्र विचारतो, की ही जर देवाची मर्जी असेल, तर अशा देवापुढे आम्ही गुडघे का टेकावेत? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो ईयोबाने विचारला होता आणि पवित्र शास्त्राने त्यासाठी एक संपूर्ण पुस्तक राखून ठेवले आहे.

ज्यांच्या आयुष्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षे या आणि अशा प्रश्नांच्या चिंतनात गेली, त्या आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते मुळात गणितज्ञ होते आणि कॅथलिक नव्हते, जरी एकदा ते आपल्या ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यापर्यंत आले होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना त्यांचे नाव बहुधा क्रमिक पुस्तकाच्या अखेरच्या पानांवर भेटते आणि परीक्षा संपताच विसरले जाते. विज्ञान आणि धर्म यांच्यात विसाव्या शतकात जो संवाद सुरू झाला, त्यात त्यांच्या 'प्रक्रिया-तत्त्वज्ञाना'चा वाटा फार मोठा आहे. त्यांचे सगळेच विचार आम्हांस मान्य नाहीत. कोणते व का, हे योग्य ठिकाणी सांगूच.

व्हाइटहेड यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी झाला. आजोबा शाळेचे मुख्याध्यापक. वडील आधी मुख्याध्यापक आणि पुढे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू. चार भावंडांत आल्फ्रेड धाकटे. प्रकृती नाजूक समजली गेल्यामुळे चौदाव्या वर्षापर्यंत त्यांना घरीच शिकविण्यात आले. वडिलांबरोबर गावातील घरोघरी जाणे, आजाऱ्यांच्या भेटी, जुनी दगडी चर्चे, रविवारची उपासना, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. पुढे ते शेरबोर्नच्या निवासी शाळेत गेले आणि १८८० साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८८४ साली ते तेथेच फेलो म्हणून निवडले गेले.

या घराण्याचा एक धागा थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. आल्फ्रेड यांचे थोरले बंधू हेन्री १८८३ साली भारतात आले, कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १८९९ पासून १९२२ पर्यंत मद्रासचे अँग्लिकन बिशप होते. दक्षिणेतील ग्रामदैवतांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासक वाचतात. त्यातील मारीअम्मा आपल्याकडच्या मरीआईची आठवण करून देते. परंतु त्यांचे खरे मोठे काम वेगळे आहे. वेदनायगम सॅम्युएल अझरय्या या भारतीय धर्मगुरूला बिशपपद मिळावे म्हणून त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले आणि १९१२ साली अझरय्या हे भारतातील पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी अनेकांना हे रुचले नव्हते. अझरय्या यांचे दोर्नकल हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानातील तेलुगू मुलखात होते. आपला बीड जिल्हाही १९४८ पर्यंत त्याच संस्थानाचा मराठी भाग होता. एक भाऊ केंब्रिजमध्ये बीजगणिताची समीकरणे मांडीत असताना दुसरा भाऊ दुष्काळ, जातिभेद आणि साथीचे रोग यांनी गांजलेल्या खेड्यांत बैलगाडीच्या वाटा तुडवीत होता.

केंब्रिजमधील तरुण व्हाइटहेड गणित शिकवीत असत. वाचीत मात्र ईश्वरविद्या. सुमारे आठ वर्षे त्यांनी तिचा कसून अभ्यास केला. अँग्लिकन पंथातच राहावे की कॅथलिक ख्रिस्तसभेत यावे, हा प्रश्न त्यांना छळीत होता. त्या काळी असा प्रश्न पडलेल्या इंग्रज माणसाची नजर साहजिकच बर्मिंगहॅमकडे वळे. तेथे कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन वृद्धापकाळ कंठीत होते. स्वतः न्यूमन १८४५ साली अँग्लिकन पंथातून कॅथलिक ख्रिस्तसभेत आले होते, आणि ख्रिस्ती सिद्धान्त बीजातून वृक्ष वाढावा तसे काळाच्या ओघात विकसित होतात, हे सांगणारा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. न्यूमन यांच्या अखेरच्या दिवसांत व्हाइटहेड त्यांना जाऊन भेटले. ११ ऑगस्ट १८९० रोजी न्यूमन यांचे निधन झाले. त्यांना २०१९ साली संतपद देण्यात आले आणि २०२५ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित करण्यात आले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात व्हाइटहेड यांचा विवाह एव्हलिन वेड यांच्याशी झाला. त्या मूळच्या आयरिश, पण फ्रान्समध्ये वाढलेल्या आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. सौंदर्याची, माणसांची आणि प्रेमाची ओढ आपण पत्नीकडून शिकलो, असे व्हाइटहेड पुढे कृतज्ञतेने मानीत. मात्र श्रद्धेच्या शोधाचा शेवट अनपेक्षित झाला. त्यांनी अँग्लिकन पंथही सोडला आणि कॅथलिक होण्याचा विचारही. ईश्वरविद्येच्या ग्रंथांचा आपला सारा संग्रह त्यांनी केंब्रिजमधील एका पुस्तकविक्रेत्याला विकून टाकला. पुढील पाव शतक ते अज्ञेयवादी म्हणून जगले. चर्चमध्ये वाढलेला, धर्मगुरूचा मुलगा, बिशपचा भाऊ, आणि तरीही देवाविषयी मौन! आपल्या धर्मग्रामातील किती घरांत असा एखादा मुलगा आहे, हे आम्ही वाचकांस विचारण्याची गरज नाही.

त्या मौनाच्या काळात त्यांनी जे गणित केले त्याने जगात नाव झाले. आपले माजी विद्यार्थी बर्ट्रांड रसेल यांच्यासह त्यांनी 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा तीन खंडांचा ग्रंथ १९१० ते १९१३ या काळात प्रसिद्ध केला. सारे गणित तर्कशास्त्राच्या पायावर उभे करण्याचा तो प्रचंड खटाटोप होता. एक अधिक एक बरोबर दोन, हे सिद्ध होण्याची वेळ येईपर्यंत वाचकाला साडेतीनशेहून अधिक पाने ओलांडावी लागतात. सुमारे दहा वर्षांच्या या श्रमाबद्दल लेखकांना काही मिळण्याऐवजी छपाईच्या तोट्यापोटी प्रत्येकी पन्नास पौंड पदरचे भरावे लागले.

१९१० साली व्हाइटहेड केंब्रिज सोडून लंडनला आले आणि १९१४ साली इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. रसेल युद्धविरोधी होते आणि त्यापायी १९१८ साली त्यांना कारावास झाला. व्हाइटहेड यांना देशासाठी लढणे कर्तव्य वाटत होते. दोघांची मैत्री ताणली गेली, तुटली नाही. व्हाइटहेड यांचे दोन्ही मुलगे सैन्यात होते. धाकटा एरिक वैमानिक होता. १३ मार्च १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात त्याचे विमान पाडले गेले. तो एकोणीस वर्षांचा होता.

या मृत्यूने व्हाइटहेड कसे बदलले, हे रसेल यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. स्वतः कट्टर नास्तिक असलेल्या रसेल यांच्या मते, मुलाच्या मृत्यूनेच व्हाइटहेड यांना तत्त्वज्ञानाकडे नेले. विश्व म्हणजे केवळ आंधळ्या कणांचे यंत्र आहे, असे मानणे त्यांना यापुढे शक्य झाले नाही. या निरीक्षणात आम्हांस एक बारकावा दिसतो. दुःख झाले म्हणून ते सांत्वनासाठी जुन्या श्रद्धेकडे धावत परतले, असे घडले नाही. पुढे आयुष्यभर ते कोणत्याही चर्चचे सभासद झाले नाहीत. त्यांनी केले ते एवढेच, की दुःख हेही विश्वातील एक सत्य आहे, तेव्हा विश्वाच्या कोणत्याही सिद्धान्तात त्याला जागा असलीच पाहिजे, असा आग्रह धरला. कणांचे गणित अचूक असेल; पण एकोणीस वर्षांचा मुलगा गेल्याचा हिशेब ज्या विज्ञानात लागत नाही, ते विज्ञान अपुरे आहे.

याच सुमारास दुसराही एक हादरा बसला. व्हाइटहेड विद्यार्थी होते तेव्हा न्यूटनचे भौतिकशास्त्र जवळजवळ पूर्ण झाले आहे, असे सर्वांना वाटे. नोव्हेंबर १९१९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांचे निष्कर्ष वाचले गेले आणि आइनस्टाइन यांचा सिद्धान्त खरा ठरला, तेव्हा व्हाइटहेड त्या सभागृहात हजर होते. जे विज्ञान अढळ समजले जात होते, ते त्यांच्या डोळ्यांदेखत बदलले. यापुढे अंतिम ज्ञान गवसल्याचा दावा शास्त्रज्ञाने केला काय किंवा धर्मपंडिताने केला काय, ते त्याकडे सावधपणेच पाहत.

१९२४ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञान शिकविण्यासाठी बोलाविले. ज्या वयात आपल्याकडे माणसे पेन्शनचे कागद जुळवितात, त्या वयात हा गणितज्ञ समुद्र ओलांडून एका नव्या विषयाचा प्राध्यापक झाला! योगायोग असा, की त्याच वर्षी हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे तरुण कॅथलिक धर्मगुरू अभ्यासासाठी आले होते. विश्व प्रसरण पावत आहे, हा विचार याच लमेत्र यांनी १९२७ साली मांडला. एकाच गावात एक धर्मगुरू आकाश मोजीत होता आणि एक गणितज्ञ देवाविषयी लिहावयास बसला होता.

१९२५ साली व्हाइटहेड यांचा 'सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड' हा व्याख्यानसंग्रह प्रसिद्ध झाला. आमच्या मते सामान्य वाचकाने त्यांचे एकच पुस्तक वाचावयाचे ठरविले, तर ते हे. विज्ञान युरोपातच का उगवले, असा प्रश्न त्यांनी केला आणि दिलेले उत्तर अनेकांना चकित करणारे होते. मध्ययुगातील कॅथलिक ईश्वरविद्येने शतकानुशतके शिकविले, की विश्वाचा निर्माता बुद्धिमान आहे आणि म्हणून त्याच्या सृष्टीतील लहानात लहान गोष्टीतही सुसंगती शोधता येईल. हा विश्वास मुरलेला नसता, तर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे घाम गाळण्याचे धाडस कोणी केले नसते. गॅलिलिओचे नाव घेऊन ख्रिस्तसभेला विज्ञानाची वैरीण ठरविणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे. त्याचबरोबर, गॅलिलिओ प्रकरणात चूक झालीच नाही असे मानणाऱ्या आपल्यातील काही भाविकांनीही ते वाचावे. कारण धर्म आणि विज्ञान यांच्यात विरोध दिसला की ती आपत्ती न समजता दोघांनी अधिक खोल सत्य शोधण्याची संधी समजावी, हेही व्हाइटहेड तेथेच सांगतात.

याच पुस्तकात त्यांनी एका तार्किक दोषाकडे बोट दाखविले आहे. सोयीसाठी आपण वस्तूंचा एखादा पैलू वेगळा काढतो, त्याला आकडा किंवा नाव देतो, आणि हळूहळू तो आकडाच खरी वस्तू आहे असे समजू लागतो. अमूर्ताला मूर्त समजण्याची ही चूक. बीड जिल्ह्यात तिचे उदाहरण शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' लिहिला जातो. उचल कोयत्याला मिळते आणि खाडा झाला तर दंडही कोयत्यालाच बसतो. वहीपुरता हा शब्द सोयीचा आहे. पण कोयत्याला पाठ नसते, पाळी येत नाही, गर्भ राहत नाही. ऊसतोडीच्या कामात खाडा नको म्हणून गर्भाशये काढून घेतलेल्या स्त्रियांची दुःखे २०१९ साली बीडमधून बाहेर आली आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. वहीतल्या एका शब्दाखाली दोन जीव किती पूर्णपणे गाडले जाऊ शकतात, हे तेव्हा दिसले. व्हाइटहेड यांनी ऊसाचा फड कधी पाहिला नव्हता. तरीही या चुकीचे वर्णन त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणा तत्त्वज्ञाने केलेले आम्हांस आढळलेले नाही.

आता त्यांच्या मुख्य विचाराकडे वळू. तो १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोसेस अँड रिअॅलिटी' या ग्रंथात आहे. एडिंबरा येथील सुप्रसिद्ध गिफर्ड व्याख्यानमालेसाठी ही व्याख्याने तयार झाली होती. पहिल्या दिवशी सभागृह भरले. भाषा इतकी दुर्बोध, की शेवटी मूठभर श्रोते उरले. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर विचार असा आहे. अॅरिस्टॉटलपासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञान समजत आले, की जग वस्तूंचे बनले आहे आणि वस्तूंना बदल घडतात. व्हाइटहेड म्हणतात, जग घटनांचे बनले आहे. ज्याला आपण वस्तू म्हणतो तो घटनांचा एक टिकून राहिलेला प्रवाह होय.

मराठवाड्यातील वाचकाला हे अगदीच परके वाटणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली उभारलेले महाविद्यालय मिलिंद राजाच्या नावाने ओळखले जाते. त्या राजाला भिक्खू नागसेनाने रथाचे उदाहरण देऊन समजाविले होते, की चाके, आस, दांडी यांहून वेगळा असा रथ नावाचा पदार्थ कोठेही सापडत नाही. स्वतः व्हाइटहेड यांना बौद्ध विचाराविषयी आदर होता आणि १९२६ सालच्या 'रिलिजन इन द मेकिंग' या पुस्तकात त्यांनी बौद्ध धर्म व ख्रिस्ती धर्म यांची शेजारी ठेवून तुलना केली. उलट अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखविली जाते, त्या मुकुंदराजांच्या अद्वैत परंपरेला हे पटले नसते; तिच्या मते न बदलणारे ते सत्य आणि बदल हा भास.

प्रत्येक क्षणाची घटना आपला सारा भूतकाळ स्वतःत घेते, पुढे काय होणे शक्य आहे हे तिला जाणवते, त्यातून ती काहीतरी ठरविते आणि मग पुढच्या क्षणाची सामग्री होऊन जाते, असे व्हाइटहेड यांचे वर्णन आहे. एक चित्र डोळ्यांपुढे आणू. ऊसतोड कामगाराची बारा-तेरा वर्षांची मुलगी. आईवडिलांचे कर्ज, धाकट्या भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी, लवकर लग्न लावून देण्याचा रिवाज, हा सारा भूतकाळ तिला फडावरच्या कोपीकडे ढकलतो आहे. तरी त्याच वेळी हंगामी वसतिगृहात राहून शाळा चालू ठेवण्याची एक शक्यताही तिच्यापुढे आहे. भूतकाळाचे ओझे खरे आहे, पण निर्णय अजून व्हावयाचा आहे. ही नवी, अधिक चांगली शक्यता आली कोठून? येथे व्हाइटहेड देवाचे नाव घेतात. प्रत्येक क्षणी प्रत्येक जीवापुढे चांगल्याची शक्यता ठेवणारा तो देव. तो ओढून नेत नाही, मन वळवितो. आणि जे घडते, मग ते यश असो की अपयश, ते तो आपल्यात सामावून घेतो, जेणेकरून जगातील कोणतेही अश्रू निरर्थक हरवून जाऊ नयेत. या दुसऱ्या भागात एरिकच्या वडिलांचा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकू येतो.

देवाला ख्रिस्ती लोकांनी रोमन सम्राटाचा मुकुट चढविला, अशी त्यांची तक्रार होती. गालीलातील नम्र, प्रेमाने काम करणाऱ्या येशूचे चित्र बाजूला पडले आणि हुकूम सोडणारा राजा सिंहासनावर बसला, असे त्यांचे म्हणणे. ही तक्रार संपूर्ण खरी नाही. क्रूसावरील प्रभूपुढे दर शुक्रवारी गुडघे टेकणाऱ्या ख्रिस्तसभेला ती जशीच्या तशी लागू होत नाही. परंतु दुष्काळात, अपघातात, मुलाच्या मृत्यूत आपण ज्या सहजतेने देवाची मर्जी म्हणून मोकळे होतो, ती सहजता त्या सम्राटाच्याच दरबारातून आलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. ही कोणत्या पापाची शिक्षा, अशी चर्चा तेव्हा सर्व धर्मांच्या माणसांनी केली. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेली माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, हे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट केले आहे, आणि जन्मांधाच्या बाबतीत योहानच्या शुभवर्तमानातही. होरेब डोंगरावर एलियाला देव वादळात भेटला नाही आणि भूकंपातही भेटला नाही. भेटला तो मंद स्वरात. मन वळविणाऱ्या देवाची व्हाइटहेड यांची कल्पना या मंद स्वराच्या फार जवळची आहे, असे आम्हांस वाटते.

मग आपण त्यांच्यापासून वेगळे कोठे होतो? मुख्यतः दोन ठिकाणी. व्हाइटहेड यांच्या मते देव आणि जग एकमेकांवाचून असू शकत नाहीत. देवाने जग शून्यातून निर्माण केले, हे ते मानीत नाहीत. ख्रिस्तसभेची शिकवण याविषयी निःसंदिग्ध आहे. पहिल्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८७० साली पुन्हा घोषित केले, की देवाने स्वेच्छेने, कोणत्याही गरजेपोटी नव्हे, सर्व काही शून्यातून निर्मिले आणि तो जगाहून भिन्न व अविकारी आहे. हा केवळ पंडितांचा वाद नाही. देवाला जगाची गरज असती, तर त्याचे प्रेम ही निखळ देणगी राहिली नसती. दुसरे म्हणजे, केवळ मन वळवू शकणारा देव मेलेल्याला उठवू शकेल काय? कबरीजवळ उभ्या असलेल्या विधवेला देव तुझ्याबरोबर रडतो आहे एवढे सांगणे पुरेसे नाही. येशूने लाजरासाठी अश्रू ढाळले आणि नंतर त्याला कबरेबाहेर बोलाविलेही. पुनरुत्थान नसेल तर आपली आशा अर्धवट राहते. व्हाइटहेड यांच्या देवाच्या स्मरणात एरिक कायम राहतो. आपल्या श्रद्धेत एरिक स्वतः उठतो.

हे अंतर मान्य करूनही अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी त्यांच्याकडून शिकणे सोडले नाही. अमेरिकेत चार्ल्स हार्टशॉर्न आणि जॉन कॉब यांनी प्रक्रिया-ईश्वरविद्येची परंपरा उभी केली. कॉब यांनी १९७३ साली कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथे तिच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन होण्यात पुढाकार घेतला, आणि पाणी, माती, हवा यांच्या रक्षणाचा प्रश्न ईश्वरविद्येत फार लवकर आणला. आपल्यापैकी जोसेफ ब्रॅकन या अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरूंनी पवित्र त्रैक्याची शिकवण आणि व्हाइटहेड यांचे विचार यांचा मेळ घालण्याचा आयुष्यभर प्रयत्न केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ सालच्या 'फिदेस एत रात्सियो' या परिपत्रकात श्रद्धा आणि बुद्धी यांनी एकमेकींची साथ सोडू नये असे बजाविले, तेव्हापासून अशा अभ्यासाला आणखी बळ मिळाले. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात विज्ञान आणि धर्म यांच्या नात्याचा अभ्यास भावी धर्मगुरू करीत असतात. त्यांनी व्हाइटहेड यांना शेवटच्या पानांवरून थोडे पुढे आणावे, अशी आमची विनंती आहे.

हार्वर्डमधील त्यांचे दिवस समाधानाचे गेले. ठरलेल्या संध्याकाळी त्यांचे घर विद्यार्थ्यांसाठी उघडे असे. एव्हलिनबाई पाहुण्यांचे स्वागत करीत आणि हा गुलाबी चेहऱ्याचा, मऊ आवाजाचा वृद्ध गृहस्थ विशीतल्या पोरांचे म्हणणे जणू आपणच शिकावयास बसलो आहोत अशा भावाने ऐके. १९३७ साली ते निवृत्त झाले. १९४५ साली ब्रिटिश राजाने त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान दिला. १९४७ च्या एप्रिलमध्ये थोरले बंधू बिशप हेन्री यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र झालेला पाहण्यास ते उरले नाहीत. त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे देह ठेवला. त्यांचे वय शहाऐंशी वर्षांचे होते.

आपल्या मृत्यूनंतर आपले खाजगी कागद कोणी चाळू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते आणि पत्रे नष्ट करण्यात आली. छापलेली पुस्तके तेवढी राहिली. त्यांपैकी निसर्गज्ञानाच्या मूलतत्त्वांवर १९१९ साली लिहिलेले पुस्तक समीकरणांनी आणि काटेकोर युक्तिवादांनी भरलेले आहे. त्याच्या अर्पणपत्रिकेत वैमानिक एरिकचे नाव आहे.